ध्वनिमुद्रणातून जैवविविधतेचे मापन : फरीदाबादच्या अरवलीतील गरज आणि शक्यता

विकासाच्या नियोजनात जे मोजले जाते त्यालाच निधी मिळतो आणि त्याचाच आढावा घेतला जातो. वनांच्या बाबतीत आपण प्रामुख्याने तीन गोष्टी मोजतो : वनाच्छादित क्षेत्र, लावलेल्या रोपांची संख्या आणि त्यांवर झालेला खर्च. ही मोजमापे आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु त्या वनात कोणते जीव राहतात, त्यांची संख्या वाढते आहे की घटते आहे आणि वनीकरणानंतर ते परत आले की नाहीत, या प्रश्नांची उत्तरे त्यांतून मिळत नाहीत. परिणामी एखादे वन कागदावर वाढत असताना प्रत्यक्षात ओस पडत जाण्याची शक्यता राहते.

ही उणीव अंशतः भरून काढू शकेल असे एक साधन गेल्या दोन दशकांत विकसित झाले आहे. वनात स्वयंचलित ध्वनिमुद्रक ठेवून पक्षी, बेडूक, कीटक आणि वटवाघळे यांच्या आवाजांची पद्धतशीर नोंद घेणे व तीवरून परिसंस्थेच्या प्रकृतीचा अंदाज बांधणे, असे त्याचे स्वरूप आहे. प्रस्तुत लेखात या पद्धतीची शास्त्रीय बैठक, तिचा खर्च आणि तिच्या मर्यादा यांचा विचार केला असून, राजधानीलगतच्या फरीदाबाद जिल्ह्यातील अरवली टेकड्यांसाठी तिचा उपयोग कसा करता येईल याची चर्चा केली आहे.

हिरवे क्षेत्र आणि जिवंत वन

भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहीय प्रतिमांच्या आधारे दर दोन वर्षांनी देशाच्या वनस्थितीचा अहवाल तयार करते. एक हेक्टर किंवा त्याहून अधिक क्षेत्रावर वृक्षच्छत्राची घनता दहा टक्के किंवा अधिक असल्यास ते क्षेत्र वनाच्छादित मानले जाते. जमिनीची मालकी कोणाची आणि वृक्ष कोणत्या जातीचे, याचा विचार या व्याख्येत केला जात नाही. देशभर एकसारखे मोजमाप करण्यासाठी अशी व्याख्या सोयीची आहे. मात्र जुनी देवराई, आंब्याची बाग आणि परदेशी झाडांचे एकसुरी रान या तिन्हींची नोंद त्यामुळे एकाच सदरात होते.

हरियाणासारख्या राज्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. २०२१ च्या अहवालानुसार या राज्यातील वनाच्छादन १,६०३ चौरस किलोमीटर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या केवळ ३.६३ टक्के होते. वनच इतके थोडे असेल, तर त्याच्या विस्ताराइतकीच त्याच्या गुणवत्तेचीही नोंद ठेवणे क्रमप्राप्त ठरते.

फरीदाबादची अरवली

फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून फरीदाबादची नवी नगरी उभारण्यात आली आणि पुढे ती उत्तर भारतातील एक प्रमुख औद्योगिक केंद्र बनली. या नगरीच्या पश्चिमेस अरवलीच्या प्राचीन टेकड्या पसरल्या आहेत. बांधकामासाठी लागणारा दगड व वाळू यांच्या उत्खननाने त्या अनेक ठिकाणी पोखरल्या गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २००२ पासून येथील खाणकामावर निर्बंध घातले आणि २००९ मध्ये फरीदाबाद, गुडगाव व मेवात या जिल्ह्यांतील खाणकाम स्थगित केले. १९४७ च्या सुमारास बंधारा घालून निर्माण केलेला बडखल तलाव तोपर्यंत कोरडा पडला होता. पंजाब भूसंरक्षण अधिनियम, १९०० च्या कलम ४ खालील विशेष आदेशांनी संरक्षित झालेल्या जमिनी वनेच आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०२२ रोजी दिला. २० नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने शंभर मीटर उंचीच्या निकषावर आधारलेली अरवलीची व्याख्या स्वीकारली आणि २९ डिसेंबर २०२५ रोजी त्या आदेशाला स्वतःच स्थगिती दिली. अरवली म्हणजे नेमके काय, याचे मोजमाप अद्याप किती कठीण आहे, हे यावरून दिसून येते.

याच टेकड्यांत मांगर गावाजवळ ‘मांगर बणी’ नावाचे वन आहे. मराठी वाचकास ‘देवराई’ म्हटल्याने त्याची कल्पना येईल. गुदडिया दास बाबांच्या श्रद्धेपोटी परिसरातील गुज्जर गावांनी येथे पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड चालू दिली नाही. सुमारे ६७७ एकरांच्या या वनात धौ या वृक्षाचे प्राबल्य आहे. आपल्याकडील धावड्याचा हा जवळचा नातलग असून खडकाळ, कोरड्या उतारांवर तो मंद गतीने वाढतो. हरियाणा शासनाने २०१६ मध्ये बणीचे क्षेत्र व तिच्याभोवतीचा संरक्षक पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्याचा निर्णय घेतला. बणीच्या बाहेर मात्र बहुतेक उतारांवर विलायती कीकर, म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ, माजलेली दिसते.

उपग्रहाच्या नजरेला धौचे वन आणि कीकराचे रान दोन्ही हिरवेच दिसतात. त्यांतील फरक तेथे राहणाऱ्या जीवांना मात्र चांगलाच कळतो. पावसाळ्याच्या तोंडावर शीळ घालणारा नवरंग, रात्री टकटक आवाज करणारा रातवा, पहाटे साद देणारे तित्तीर आणि मोर यांची उपस्थिती कोठे दाट आहे व कोठे विरळ, हे ऐकूनच ठरवावे लागते. झुडपांत दडणारे आणि रात्री वावरणारे जीव दिसण्यापूर्वी ऐकू येतात, हे कोणताही गुराखी सांगेल.

ध्वनीतून काय कळते?

कोणत्याही स्थळाच्या एकूण ध्वनिपरिसराचे तीन घटक मानले जातात. पहिला घटक सजीवांच्या आवाजांचा, दुसरा वारा, पाऊस, वाहते पाणी यांच्या आवाजांचा आणि तिसरा माणूस व त्याची यंत्रे यांच्या आवाजांचा. या विभागणीचा पुरस्कार करणारे अमेरिकी ध्वनिमुद्रणकार बर्नी क्राउस यांचा एक अनुभव या शास्त्रात नेहमी सांगितला जातो. कॅलिफोर्नियातील लिंकन मेडो या ठिकाणी १९८८ मध्ये निवडक वृक्षतोड व्हायची होती. सारी झाडे न तोडता अधूनमधून काही झाडे तोडल्यास पर्यावरणावर परिणाम होणार नाही, असे सांगण्यात आले होते. क्राउस यांनी तोडीपूर्वी आणि एक वर्षानंतर त्याच जागी, त्याच ऋतूत ध्वनिमुद्रण केले. छायाचित्रांत ते कुरण व ते वन जवळजवळ पूर्ववत दिसत होते. ध्वनिमुद्रणात मात्र पूर्वीचे पक्ष्यांचे दाट कूजन जवळपास नाहीसे झाले होते.

आवाज हे परिसंस्थेचे प्रमाण का मानावे, याचे उत्तर जीवांच्या परस्परसंबंधांत आहे. एकाच माळावर राहणाऱ्या जाती एकमेकींच्या आवाजांत हरवून जाऊ नयेत म्हणून वेगवेगळी कंप्रता, वेगळी वेळ किंवा वेगळी जागा वापरतात. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील (आयसर) संशोधकांनी एकत्र नांदणाऱ्या वटवट्या पक्ष्यांच्या जातींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. दिसायला सारख्या असलेल्या या जातींनी गाण्याचे स्वरूप आणि गाण्यासाठी निवडलेल्या फांदीची उंची या दोन्हींत आपापली वाटणी करून घेतल्याचे त्यात आढळले. अशी वाटणी दीर्घ सहवासातून घडते. म्हणून ध्वनिपरिसरातील रिकाम्या जागा अनेकदा एखादी जाती निघून गेल्याचे सूचित करतात.

दुर्मीळ जातींच्या शोधातही आवाजाचे महत्त्व मोठे आहे. १८८४ नंतर नष्ट झाला असावा असे मानला गेलेला रानपिंगळा नोव्हेंबर १९९७ मध्ये महाराष्ट्रात शहाद्याजवळ पुन्हा आढळला. त्यानंतर सातपुड्यात व अन्यत्र त्याचा जो शोध घेण्यात आला, त्यात त्याच्या मुद्रित आवाजाला मिळणारा प्रतिसाद हे एक प्रमुख साधन ठरले. त्या पद्धतीत पक्ष्याला आवाज ऐकवावा लागतो. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली पद्धत याहून सौम्य आहे. तीत यंत्र केवळ ऐकते, परिसरात कोणतीही ढवळाढवळ करत नाही.

यंत्र, माहिती आणि खर्च

या पद्धतीचा प्रसार होण्यामागे अर्थशास्त्रीय कारण आहे. पूर्वी वनात ठेवण्याजोगा एक ध्वनिमुद्रक बऱ्याच मोठ्या रकमेस मिळत असे. २०१७ नंतर ‘ऑडिओमॉथ’सारखी, खुल्या आराखड्यावर बनवलेली, तळहातावर मावणारी यंत्रे उपलब्ध झाली. त्यांची किंमत काही हजार रुपयांच्या घरात असून ती साध्या बॅटऱ्यांवर चालतात आणि ठरवून दिलेल्या वेळी आपोआप सुरू व बंद होतात.

यंत्र स्वस्त झाले तरी ऐकणे स्वस्त होत नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. सेकंदाला ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास दोन बाइट असे मुद्रण केल्यास एका मिनिटाला ५.७६ मेगाबाइट, तर २४ तासांना सुमारे ८.३ गीगाबाइट जागा लागते. दर दहा मिनिटांतून एकच मिनिट मुद्रित केले, तर दिवसाला १४४ मिनिटे आणि ३० दिवसांत ७२ तासांचे मुद्रण जमा होते. ते सुमारे २५ गीगाबाइट भरते व एका लहानशा स्मृतिपत्रात मावते. अशी २० यंत्रे ठेवल्यास महिनाभरात १,४४० तासांची सामग्री तयार होईल. दिवसाचे आठ तास सलग ऐकणाऱ्या तज्ज्ञालाही ती संपवण्यास १८० कामाचे दिवस लागतील.

म्हणूनच संगणकीय विश्लेषण अपरिहार्य ठरते. ध्वनीची कंप्रता व काळ यांचे चित्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, तयार करून त्यातील आकृतींवरून पक्ष्याची जाती ओळखणाऱ्या संगणकप्रणाली आता उपलब्ध आहेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ आणि जर्मनीतील केम्निट्झ तंत्रविद्यापीठ यांनी विकसित केलेली ‘बर्डनेट’ ही त्यांपैकी एक होय. वटवाघळांसाठी मात्र वेगळी तजवीज करावी लागते. मुद्रणाच्या नमुनादराच्या निम्म्या कंप्रतेपर्यंतचेच आवाज टिपता येतात. त्यामुळे ४८,००० नमुन्यांच्या मुद्रणात २४ किलोहर्ट्‌झपलीकडील आवाज येत नाहीत आणि अनेक वटवाघळे याहून वरच्या पट्टीत आवाज काढतात.

या पद्धतीचा आणखी एक लाभ म्हणजे मूळ मुद्रण कायम टिकवता येते. निरीक्षकाने वहीत केलेली नोंद नंतर तपासता येत नाही. ध्वनिफीत मात्र दहा वर्षांनी, अधिक चांगल्या साधनांनी, पुन्हा तपासता येते. आज न सुचलेल्या प्रश्नाचे उत्तरही तिच्यात असू शकते. अर्थशास्त्रात ज्याला पर्यायमूल्य म्हणतात, ते अशा संग्रहास निश्चितच आहे.

निर्देशांकांच्या मर्यादा

प्रत्येक जाती ओळखण्याऐवजी संपूर्ण ध्वनिपरिसराचा एकच आकडा काढणारे अनेक निर्देशांक प्रचलित आहेत. एका प्रसिद्ध निर्देशांकात एक ते दोन किलोहर्ट्‌झचा पट्टा यंत्रांचा आणि दोन ते आठ किलोहर्ट्‌झचा पट्टा सजीवांचा धरून दोहोंची तुलना केली जाते. हा हिशेब सोपा असला तरी भारतीय परिस्थितीत तो जपून वापरला पाहिजे. होला आणि घुबड यांचे खर्जातील आवाज सजीवांच्या पट्ट्यात मोजलेच जात नाहीत. उलट मालमोटारींच्या कर्कश भोंग्यांचा वरचा भाग सजीवांच्या खात्यात जमा होतो. रातकिड्यांच्या अखंड किरकिरीने आकडा फुगतो, तर पावसाच्या सरीने सारेच मोजमाप बिघडते. गुरुग्राम-फरीदाबाद रस्त्यावरील बंधवाडीच्या कचराभूमीजवळ घारी आणि कावळे यांचा गलबला मोठा असतो. पण तो गलबला परिसंस्थेच्या आरोग्याचे लक्षण नव्हे.

याशिवाय, आवाज ऐकू आला नाही म्हणजे जीव नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. अनेक पक्षी विणीच्या हंगामाबाहेर मूक राहतात. फुलपाखरे, बहुतेक सरडे आणि वनस्पती यांची मोजणी ध्वनीने होऊ शकत नाही. संगणकाने दिलेली ओळखही चुकू शकते. म्हणून प्रत्येक जातीच्या काही नोंदी यदृच्छेने निवडून जाणकाराकडून पडताळून घेणे आणि चुकीचे प्रमाण अहवालात नमूद करणे आवश्यक आहे.

पुनर्स्थापित वनांचा अनुभव

भारतात या पद्धतीचा उपयोग वनांच्या पुनर्स्थापनेचे फलित तपासण्यासाठी झाला आहे. तमिळनाडूतील अण्णामलाई टेकड्यांमध्ये, चहा-कॉफीच्या मळ्यांनी वेढलेल्या वालपराई पठारावर, निसर्ग संवर्धन प्रतिष्ठानाने या शतकाच्या प्रारंभापासून वर्षावनाच्या तुकड्यांत स्थानिक वृक्षांची लागवड केली. लागवड केलेले तुकडे, आपोआप वाढू दिलेले तुकडे आणि मूळचे सुस्थितीतील वर्षावन अशा तिन्ही प्रकारच्या जागी ध्वनिमुद्रक ठेवून संशोधकांनी त्यांची तुलना केली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष पक्षीगणनेवर आधारलेल्या त्याच परिसरातील अभ्यासात, केवळ वाऱ्यावर सोडलेल्या तुकड्यांपेक्षा लागवड केलेल्या तुकड्यांतील पक्षिजीवन मूळ वनाच्या अधिक जवळ गेल्याचे दिसून आले होते. मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातही घाणेरीचे झुडूप काढून टाकलेल्या आणि न काढलेल्या वनांची तुलना ध्वनिमुद्रणाच्या साहाय्याने करण्यात आली. परक्या वनस्पतीने व्यापलेल्या शुष्क वनाचा हा प्रश्न अरवलीतील कीकराच्या प्रश्नाशी बराच मिळताजुळता आहे.

या अभ्यासांतून एक महत्त्वाचे तत्त्व हाती येते. ध्वनीच्या सुट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. जवळपासच्या सुस्थितीतील वनाशी केलेल्या तुलनेतूनच त्याला अर्थ प्राप्त होतो. फरीदाबादच्या सुदैवाने असे तुलनेचे वन मांगर बणीच्या रूपाने त्याच्यापाशी आहे.

फरीदाबादसाठी एक आराखडा

अरवलीतील चार प्रकारच्या जागा निवडता येतील : बणीतील जुने धौवन, कीकरव्याप्त उतार, बंद पडलेल्या खाणींचा परिसर आणि वनीकरणासाठी घेतलेली जमीन. प्रत्येक प्रकारात पुरेशा अंतरावर पाच-पाच, अशी एकूण वीस यंत्रे पुरेशी होतील. उन्हाळ्याचा शेवट, भर पावसाळा आणि हिवाळा अशा तीन हंगामांत प्रत्येकी तीस दिवस मुद्रण केल्यास स्थायी व स्थलांतरित, दिवाचर व निशाचर अशा सर्व गटांची नोंद होऊ शकेल. रस्त्यापासूनचे अंतर, पाऊस आणि वाऱ्याचा वेग यांचीही नोंद त्याचबरोबर ठेवली पाहिजे.

मूल्यमापनासाठी अर्थशास्त्रात रूढ असलेली ‘फरकांतील फरक’ ही रीत येथे उपयुक्त ठरेल. वनीकरण केलेल्या जागी पाच वर्षांत स्थानिक जातींच्या नोंदी किती वाढल्या, एवढेच पाहणे पुरेसे नाही. वनीकरण न केलेल्या तशाच जागी त्याच काळात झालेली वाढ त्यातून वजा केली पाहिजे. एखाद्या वर्षी पाऊस चांगला झाल्यास पक्षी सर्वत्रच वाढतात; त्याचे श्रेय योजनेला देणे योग्य होणार नाही.

केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये हरियाणातील टिकली या गावी अरवली हरितभिंत प्रकल्पाचा शुभारंभ केला. हरियाणा, राजस्थान, गुजरात आणि दिल्ली येथील अरवलीभोवतीचा सुमारे पाच किलोमीटरचा पट्टा हिरवा करण्याचा त्याचा उद्देश आहे. २०१६ च्या प्रतिपूरक वनीकरण निधी अधिनियमानुसार राज्यांकडे स्वतंत्र निधीही आला आहे. या खर्चाचा अल्पसा भाग ध्वनिमापनासाठी राखून ठेवल्यास जगलेल्या रोपांच्या टक्केवारीबरोबर परत आलेल्या जीवांचीही नोंद होऊ शकेल. मात्र एकाच निर्देशांकाला लक्ष्य ठरवून त्यावर देयके अवलंबून ठेवणे टाळावे. ज्या आकड्यावर पैसे मिळतात तो आकडा फुगवण्याकडे कल असतो, हा सार्वजनिक वित्तव्यवहारातील सर्वपरिचित धडा आहे. मूळ ध्वनिफिती सार्वजनिक संग्रहात ठेवल्यास असा कल रोखता येईल.

गोंगाट मोजण्याची व्यवस्था आपल्याकडे पूर्वीपासून आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. २०११ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने महानगरांत कायमस्वरूपी मापनकेंद्रे उभारली. ही व्यवस्था आवाज किती मोठा, एवढेच सांगते. तो कोणाचा, हे सांगत नाही. आवाजाच्या पातळीबरोबर त्याची ओळखही नोंदवणे ही त्यापुढील स्वाभाविक पायरी होय.

लोकांचा आवाज

वनातील यंत्र पक्ष्यांबरोबर माणसांचे बोलणेही टिपते, या मुद्द्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील डिजिटल निरीक्षणसाधनांविषयी केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या साधनांतून सरपण व गवत गोळा करणाऱ्या स्त्रियांवर त्यांच्या संमतीविना पाळत ठेवली गेल्याचे त्यात आढळले. हिंस्र प्राणी दूर राहावेत म्हणून वनात मोठ्याने बोलण्या-गाण्याची या स्त्रियांची रीत होती. कॅमेऱ्यांच्या धास्तीने त्या हळू बोलू लागल्या आणि त्यामुळे त्यांचाच धोका वाढला. वनाचे आवाज मोजताना माणसांचे गाणे बंद पडणार असेल, तर त्या मोजमापाला विकासाचे साधन म्हणता येणार नाही.

याकरिता यंत्रे कोठे व कधी ठेवली जाणार, हे ग्रामसभेत आधी सांगितले जावे. मानवी बोलण्याचे तुकडे विश्लेषणापूर्वी संगणकाद्वारे वगळावेत आणि ही सामग्री कोणत्याही दंडात्मक कारवाईसाठी वापरली जाऊ नये. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन झालेल्या स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समित्या हे काम पाहू शकतील. लोकजैवविविधता नोंदवहीला ध्वनिसंग्रहाची पुरवणी जोडल्यास गावातील वृद्धांना ठाऊक असलेली पक्ष्यांची नावे आणि संगणकाने दिलेली ओळख शेजारीशेजारी येतील. पडताळणीचे काम स्थानिक तरुण-तरुणींना प्रशिक्षण व मोबदला देऊन सोपवता येईल. महाराष्ट्रातील देवरायांभोवतीच्या गावांनाही हीच व्यवस्था लागू पडेल.

समारोप

ध्वनिमापन हे उपग्रहीय सर्वेक्षणाला किंवा प्रत्यक्ष क्षेत्रपाहणीला पर्याय नाही. उपग्रह विस्तार सांगतो, क्षेत्रपाहणी तपशील देते आणि ध्वनिमुद्रण या दोहोंमधील दीर्घ काळाची, दिवसरात्रीची सलग नोंद पुरवते. तिन्हींचा मेळ घातल्यास वनावरील खर्चाचे खरे फलित समजू शकेल.

फरीदाबादच्या बाबतीत वेळेचे महत्त्व अधिक आहे. कोणत्याही तुलनेसाठी आधाररेषा लागते आणि ती मागाहून तयार करता येत नाही. खाणींपूर्वी बडखलच्या काठावर कोणते पक्षी बोलत होते, याची अशी नोंद कोणी ठेवली नव्हती. त्यामुळे तलावात पुन्हा पाणी भरले, तरी त्याच्याबरोबर काय परतले आणि काय परतले नाही, हे ध्वनीच्या आधारे सांगता येणार नाही. मांगर बणीत आज ती नोंद ठेवणे शक्य आहे. वीस यंत्रे, थोडे प्रशिक्षण आणि गावकऱ्यांचा विश्वास एवढ्या भांडवलावर हे काम सुरू होऊ शकते. ते येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू व्हावे, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.